मी धरलाय त्याला

सोमण काका मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या हातात कुत्रा बांधायची चामड्याची वादी होती, वादीच्या टोकाला गळ्यातला पट्टा होता, आणि पट्ट्यात कुत्रा नव्हता.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. म्युनिकच्या भाड्यांनी तोंडचं पाणी पळवल्यावर मी एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, जवळजवळ शेवटच्या टोकाला, एका खेड्यात खोली घेतली होती. तिथून माझं नवं ऑफिस सायकलने वीस मिनिटांवर. मधे सगळी जुनी दलदलीची जमीन. तिथले लोक तिला मोस म्हणतात. कुणीतरी कधीकाळी चर खणून तिच्यातलं पाणी काढलं, शेतं केली, पण धुकं काही कुणाला काढता आलं नाही. शेतांमधून सिमेंटचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या पाण्याचे चर, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी सात वाजता आपल्याच सायकलचं पुढचं चाक दिसलं तर नशीब म्हणायचं.

माझा तिसरा दिवस. पुढे कुठेतरी किणकिण ऐकू आली. मी बेल वाजवली. धुक्यातून एका पुरुषाचा शांत आवाज आला, "इश हाब इन." मी धरलाय त्याला. मग माणूस दिसला. उंच, सडपातळ, गळ्यात मफलर. तो रस्ता सोडून गवतात उतरला, डाव्या हाताभोवती त्याने वादीचे दोन वेढे घेतले, ती गुडघ्याशी आखूड धरली आणि स्वतः माझ्या आणि वादीच्या मधे उभा राहिला. तिकडची ही रीतच आहे. सायकलवाला आला की कुत्रेवाल्याने कुत्रा जवळ ओढून धरायचा आणि सायकलवाल्याने जाता जाता "डांके", म्हणजे आभार, म्हणायचं. मीही म्हटलं आणि पुढे गेले. आठ-दहा पायडल मारल्यावर माझ्या डोक्यात शिरलं की पट्टा रिकामा होता.

मी मिरजेची. भुताखेतांना भीक घालणारी नव्हे. तरीही त्या दिवशी उरलेला रस्ता मी ज्या वेगाने कापला, तो पुढे मला कधी जमला नाही.

तासाभराने आमच्या विभागप्रमुखाने मला एका टेबलापाशी नेलं. "हे हेर सोमान. तुमच्याच देशाचे. आता यांच्या हाताखाली शिकायचं." मफलर खुर्चीच्या पाठीवर होता आणि भिंतीवरच्या खुंटीला, कोटाशेजारी, ती वादी. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं नाही. माझ्याकडे पाहून सरळ मराठीत म्हणाले, "तुमचा मागचा ब्रेक सैल आहे. सकाळी ऐकला मी."

आमचं कामच ब्रेकचं होतं. गाडी किती पळते ते सांगायला कंपन्यांकडे पुष्कळ माणसं असतात. ती थांबते का, हे बघायला आमच्यासारखी चार डोकी बसवतात. सोमण काका ब्रेक डोळ्यांनी तपासायच्या आधी कानांनी तपासत. चाचणीचं चाक फिरत असताना ते डोळे मिटून उभे राहायचे आणि संगणकाच्या आधी सांगायचे, "डावीकडचं पॅड आधी धरतंय." संगणक नंतर तेच म्हणायचा. आमचे जर्मन सहकारी याला आधी हसत, मग हसेनासे झाले.

ते जर्मनीत कधी आले, कसे आले, हे मला आजही नीट माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक आहेत त्या त्यांच्या सवयी. बाहीची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. डबा बरोबर साडेबाराला उघडायचा, त्यातल्या चार पोळ्यांपैकी तीन खायच्या आणि चौथी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवायची. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा उतरलेला. डाव्या तळहातावर आडवा, गुळगुळीत घट्टा. आणि कंपनीच्या सायकल स्टँडवर रोज एक फेरी. ज्याच्या सायकलचे ब्रेक बरे नसतील त्याच्या सीटखाली पाकळीएवढा कागद खोचलेला सापडायचा. "पुढची केबल तुटायला आली आहे. आज पायी जा. – सो." जर्मन माणसाला असा आगाऊपणा खपत नाही. सोमणांचा खपायचा, कारण केबल खरंच तुटायला आलेली असायची.

स्वतः मात्र ते सायकल चालवत नसत. रोज पाऊण तास चालत येत, पाऊण तास चालत जात. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला सायकल येत नाही का?"

"येते की. माझं लायसन्स मीच काढून घेतलंय."

"सायकलला कुठे लायसन्स लागतं?"

"म्हणून तर मलाच काढून घ्यावं लागलं," म्हणाले आणि परत चाकाकडे वळले.

त्यांचं एक वाक्य होतं. आधी थांबता येतंय का बघ, मग निघ. ते ब्रेकपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. माझं लग्न ठरायच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हाही त्यांनी मला तेच ऐकवलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "काका, मुलगा चांगला आहे हो, काही प्रॉब्लेम नाही येणार. नाही ना येणार?" यावर कुणीही मोठं माणूस म्हणेल, छे गं, काही होत नाही. सोमण काका म्हणाले, "मला माहीत नाही."

ही त्यांची दुसरी तऱ्हा. ते कुणालाही कसली खात्री देत नसत. "काळजी करू नका", "काही होत नाही" ही वाक्यं त्यांच्या तोंडून मी तीन वर्षांत एकदाही ऐकली नाहीत. चाचणीच्या अहवालावर शेवटी "धोका नाही" असं लिहून सही करायची पद्धत होती. ते मोजलेले आकडे लिहीत, सही करत आणि ती ओळ कोरी सोडत. प्रमुख वैतागायचा, दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यायचा. शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायच्या, "मागे मला न्यूमोनिया झाला होता. तापाने फणफणलेली मी. ह्यांना विचारलं, अहो, मी बरी होईन ना? तर म्हणतात, डॉक्टरला विचारतो. आता ह्या माणसापुढे काय डोकं फोडायचं!"

कुत्र्याबद्दल मी दोन-तीन आठवडे काही बोलले नाही. रोज सकाळी धुक्यात पट्ट्यावरच्या बिल्ल्याची किणकिण यायची, "इश हाब इन" यायचं, मी डांके म्हणायचे. त्या रस्त्याचे इतर सायकलवालेही म्हणायचे. कुणीही खाली पाहायचं नाही. गावात एखादी गोष्ट सगळ्यांना माहीत असली की तिच्याकडे कसं पाहायचं नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र एक गोष्ट दिसायची आणि ती डोक्यातून जात नसे. दुसरी कुत्री काकांच्या उजव्या बाजूने जात. डावीकडे चर आणि त्यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथून एकही कुत्रं गेलेलं मी पाहिलं नाही.

दिवाळीत काकूंनी जेवायला बोलावलं. दारातच खुंटीला वादी, आणि खाली फरशीवर स्टीलच्या थाळीत पाणी. स्वच्छ, नुकतं भरलेलं. घरात कुत्रा नाही. भिंतीवर एक फोटो होता. सायकल धरून उभे असलेले, हसणारे सोमण काका, आणि पायाशी गळ्याखाली पांढरा डाग असलेलं तपकिरी कुत्रं.

मी फोटोकडे पाहतेय हे काकूंनी पाहिलं. पुऱ्या तळता तळताच त्या म्हणाल्या, "अहो, सांगा तिला. रोज त्याच रस्त्याने जाते ती."

काकांनी भिंतीवरचा फोटो सरळ केला. मग म्हणाले, "खंड्या. पाच वर्षं झाली."

मग सांगितलं. पुण्यात त्यांच्या गल्लीत मोत्या नावाचा कुत्रा होता. त्याला कधी कुणी बांधला नाही. "तो कुणाचा? सगळ्यांचा. चावला तर कुणाचा? कुणाचाच नाही. मला वाटायचं कुत्रं असंच असतं. इथे आलो, खंड्याला शेल्टरमधून आणला. त्याची नोंद केली, विमा काढला, नगरपालिकेचा बिल्ला आला. कागद सगळे चोख. पण बांधायला मन होईना. मी सायकलवर आणि तो बाजूने पळणार. गावातून बाहेर पडलं की पट्टा काढून खिशात टाकायचो. त्याला सुद्धा वाटू दे ना, आपण मोकळे आहोत. लोक म्हणायचे, हेर सोमान, कुत्रा बांधा. मी म्हणायचो, डेअर टूट निक्स. तो काही करत नाही."

त्या रस्त्यावर, गावच्या शेवटच्या घरात हुबर नावाचे गृहस्थ राहत. छपरं घालायचं काम करायचे. उंच चर्चच्या टोकावर दोरी बांधून कौलं बसवणारा माणूस. त्या सकाळी ते समोरून सायकलने येत होते. खंड्या त्यांच्याकडे पळाला. रागाने नाही, आनंदाने.

"हुबर ब्रेक दाबत होता," काका म्हणाले. "मला ऐकू आलं. पुढचा आणि मागचा, दोन्ही. बरोबर दाबत होता, मेधा. पाच मीटरमध्ये थांबला असता. आणि मी लांबून ओरडलो, कायने आंग्स्ट, डेअर टूट निक्स! घाबरू नका, काही करत नाही तो! त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ब्रेक सोडला. माझ्या शब्दावर सोडला."

कढईतलं तेल चुरचुरत होतं. काकूंनी गॅस बंद केला.

खंड्या पुढच्या चाकात आला. हुबर चराच्या सिमेंटच्या कडेवर डोक्यावर पडले. जीव वाचला, पण डोक्याला लागलं ते असं की तोल गेला. कायमचा. उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटायची. ज्या माणसाचं पोट उंचावर तोल सांभाळण्यावर, तो भिंत धरून चालायला लागला. आणि खंड्या केकाटत धुक्यात शिरला, तो परत आलाच नाही. काका-काकूंनी मोस पालथा घातला. ना कुत्रा सापडला, ना त्याचं मढं. गळ्यात पट्टा नाही, बिल्ला नाही. ते दोन्ही काकांच्या खिशात होतं.

"विम्याने सगळं दिलं. कागदावर मी सुटलो. फुलं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. हुबरने एकच विचारलं. मी ब्रेक दाबत होतो, तुम्ही तसं का सांगितलंत? त्यानंतर बोललेला नाही. सकाळी खिडकीत बसलेला असतो. मी जाताना बघतो."

मी कसंबसं म्हटलं, "पण काका, तो कुत्रा आता..."

"मेलेला मी पाहिला नाही. म्हणजे तो सुटलेला आहे. आणि मोकळं कुत्रं सुटलेलं असलं तर कुणाची जबाबदारी?" त्यांनी घट्टा पडलेला हात पालथा केला. "माझं एवढंच आहे, मेधा. हुबर एकदा त्या रस्त्याने सायकलवर यावा आणि तेव्हा खंड्या माझ्या हातात असावा. बास."

मला तेव्हा वाटलं की ह्या माणसाचं डोकं फिरलंय. चौथी पोळी कुठे जाते हेही कळलं. आणि तरी, का कोण जाणे, निघताना दारातल्या पाण्याच्या थाळीला पाय लागू नये म्हणून मी वळसा घालून गेले.

डिसेंबरात एका सकाळी मी सायकलवरून उतरून काकांबरोबर चालत होते, ब्रेकच्या एका चाचणीबद्दल काहीतरी विचारायचं होतं. धुक्यातून एक अजस्र काळा कुत्रा धावत आला. मोकळा. माझी पाचावर धारण बसली. मागून एका बाईचा आनंदी आवाज, "कायने आंग्स्ट! डेअर टूट निक्स!"

सोमण काकांना मी त्या एकाच वेळी ओरडताना ऐकलं. "तसं म्हणू नका! मी म्हटलंय ते! तुम्ही म्हणू नका!"

बाई दचकून थांबली. पण मी पाहत होते कुत्र्याकडे. तो काकांपासून चार हातांवर एकदम थबकला. लोंबणाऱ्या रिकाम्या पट्ट्याकडे मान खाली घालून, अंग चोरत आला, हुंगलं, आणि मग तो एवढा मोठा प्राणी त्या पट्ट्यासमोर पाठीवर पडून पोट वर करून राहिला. आपल्याहून दांडग्या कुत्र्यापुढे कुत्री पडतात तसा. काका बाईला म्हणाले, "आता बांधा त्याला." तिला कडी सापडेना, ती मी लावून दिली.

नेहमी ते "धरलाय" म्हणायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तसं म्हणाले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उजवा हात वर करून उभे होते. डाव्या हातातली वादी सैल, जमिनीवर लोळत होती.

"मेधा, उतर. आज तो माझ्याजवळ नाही."

माझी आठला मीटिंग होती. मी चिडलेच. "काका, प्लीज. आज नको."

"उतर म्हटलं ना."

उतरले. आम्ही चालू लागलो. काका पुढे, कान देऊन. एवढ्यात मागून शर्यतीच्या सायकलवरचा एक तरुण आला, हेल्मेट, रंगीत कपडे. काका ओरडले, "लांगझाम! हळू! मी त्याला धरलेलं नाही!" तो हसून हात हलवत निघून गेला आणि धुक्याने त्याला गिळलं. मग ब्रेकचा कर्कश आवाज, आणि धप्प.

आम्ही धावलो. तो चराच्या कडेला बसला होता. मनगट सोललेलं, पण धड होता. काकांच्या हातातली वादी पाहिली आणि तो भडकला. "तुमचा कुत्रा का? बांधता येत नाही? सरळ चाकाखाली आला माझ्या!"

मी म्हटलं, "कुठला कुत्रा? इथे कुत्रा नाहीये."

"तपकिरी! गळ्याखाली पांढरं! मी काय आंधळा आहे?"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. नाव, पत्ता, विम्याचा नंबर, सगळं आधीच लिहिलेलं. कितीतरी दिवस खिशात बाळगून कडा झिजलेला कागद. तो त्यांनी त्या मुलाला दिला आणि म्हणाले, "हो. माझाच आहे. चूक माझी."

मुलगा लंगडत गेल्यावर मी काकांचा दंड धरला. "काका, तुम्ही काय लिहून देताय! कुत्रा नव्हता हो तिथे!"

"त्याने पाहिला ना?"

"धुक्यात काहीही दिसतं."

"पांढरा डाग पण?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर आनंद. साधा, उघडा आनंद, हरवलेलं माणूस कुणाला तरी दिसल्याचा. मला तो चेहरा बघवला नाही. खिशातली कागदात गुंडाळलेली पोळी त्यांनी काढली, रस्त्याच्या कडेला ठेवली, आणि आम्ही ऑफिसला गेलो. त्या मुलाचा पुढे कधी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी धुक्यातून नेहमीचा आवाज आला, "इश हाब इन." खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

असा दीड-दोन वर्षांचा काळ गेला. मी त्या रस्त्याला आणि त्या किणकिणीला सरावले. मग एका वसंतात काकू म्हणाल्या, "हुबरांना तीन चाकांची सायकल आणलीय. अंगणात चालवून बघतात. ह्यांना कुंपणातून दिसलं. घरी येऊन जेवले नाहीत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढचा ब्रेक डावीकडे ओढतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी हुबरांच्या पत्रपेटीत एक कागद टाकला. "पुढचा ब्रेक डावीकडे ओढतो. पॅड बदला." खाली नेहमीचं "सो." लिहिलं, मग खोडलं. आठवड्याने कुंपणापाशी त्यांचं पाऊल रेंगाळलं. मीही बरोबर होते. आतून सायकल थांबल्याचा आवाज आला. काकांनी डोळे मिटले. "बदललंय," म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं चालणं बदललं. वादीला तेल लावलेलं असायचं. वादीचे वेढे दोनाचे तीन झाले. ऑफिसात कधी नव्हे ते त्यांचे आकडे चुकले. मला म्हणाले, "तो येईल तेव्हा खंड्या जवळ असेल का?" आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याकडे खात्री मागत होता. मी म्हटलं, "मला माहीत नाही, काका." हे त्यांच्याकडूनच शिकलेलं उत्तर होतं.

सप्टेंबर संपत आला होता. पहिलं दाट धुकं. मी हुबरांच्या घरापासून थोडी पुढे गेले असेन, तर समोर काका आणि मागून बेल. जुनी, दुहेरी टणत्कार करणारी बेल. काका जिथे होते तिथे खिळले. मग गवतात उतरले. मीही सायकल घेऊन कडेला झाले.

तीन चाकं सिमेंटवर घरंगळत आली. हुबर दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून, ओठ आवळून चालवत होते. बलदंड माणूस, पण भीती त्यांच्या खांद्यांवर बसलेली दिसत होती. काकांनी वादी गुडघ्याशी ओढली. चिरक्या आवाजात म्हणाले.

"इश हाब इन, हेर हुबर."

हुबरांनी ब्रेक दाबले. दोन्ही. सायकल जागच्या जागी थांबली. पाच मीटरही लागले नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वादीकडे, मग वादीच्या टोकाला, रिकाम्या पट्ट्याकडे. तिथे बराच वेळ पाहत राहिले. हा माणूस आता हसेल, नाहीतर शिवी देईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी सोमण काका तिथेच मोडून पडतील, असं मला स्वच्छ दिसत होतं.

हुबरांनी पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

"डांके," ते म्हणाले. कुठलाही सायकलवाला कुठल्याही कुत्रेवाल्याला म्हणतो तसं. आणि निघून गेले.

मी रडले. लाज न बाळगता रडले. काका रडले नाहीत. चाकांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्यांनी वादी तशीच आखूड धरून ठेवली होती.

पुढच्याच महिन्यात मला हॅम्बर्गला विमानांच्या कंपनीत नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले. दारातल्या खुंटीवर काही नव्हतं. पाण्याची थाळी होती. काकांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत वादी, पट्टा आणि बिल्ला.

"एल्बे नदीत टाक. फेरीबोटीत बस, मधे गेलीस की सोड."

"काका, आता नको ना धरायला?"

"नको, असं वाटतं," म्हणाले. "खात्री देत नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी वाकून दोघांना नमस्कार केला. "सांभाळून जा," काका एवढंच म्हणाले. आशीर्वादातसुद्धा या माणसाने काही वचन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस-बान. गाव सोडल्यावर दोन मिनिटं ती मोसच्या कडेने, त्या सिमेंटच्या रस्त्याला समांतर जाते. धुकं जमिनीलगत, कमरेएवढंच होतं. आणि रस्त्यावर मला सोमण काका दिसले. सायकलवर.

मी उठून काचेला नाक लावलं. पाठ ताठ, मफलर मागे उडतोय, अगदी भिंतीवरच्या त्या फोटोतले सोमण काका. पण त्यांचा उजवा हातच तेवढा हँडलवर होता. ब्रेकवर दोन्ही हात हवेत, एका हाताने सायकल चालवायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. डावा हात त्यांनी खाली, गुडघ्याजवळ धरला होता. मूठ वळलेली. आणि हात मधूनच पुढे ओढल्यासारखा व्हायचा.

समोरून सायकलवर एक बाई येत होती. काका थांबले, एक पाय जमिनीवर टेकवला, आणि ती मूठ जवळ, पोटरीशी ओढून घेतली. बाई शेजारून गेली. जाताना तिने मान वळवून काकांच्या पायाशी, धुक्यात पाहिलं, हसली, आणि आभाराचा हात वर केला.

माझ्या हातातली पिशवी मी उघडून पाहिली. वादी आतच होती.